काच पुसायचे एवढे पैसे का लागतात?

"ताई, काच तीच, बिल्डिंग तीच. मग एकाचं कोटेशन ३८ हजार आणि तुमचं ७६ हजार, हे कसं?"

पुण्यातल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या मॅनेजरांनी फोनवर विचारलेला हा प्रश्न. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच उमगत नव्हतं. वरच्या साहेबांना तीन कोटेशनं दाखवायची होती आणि सगळ्यात स्वस्त का घेत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाची काचसफाईची छोटी एजन्सी आहे. मुलं, दोर, टेम्पो हे सगळं तो बघतो. कोटेशन, बिलं आणि हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे. पहिल्या वर्षी मलाही वाटायचं की काच मोजायची, दराने गुणायचं, झालं कोटेशन. पुढे हजेरीचं रजिस्टर आणि कोटेशन शेजारी ठेवून बघायला लागले, तेव्हा कळलं की आपण कागदावर चौरस फुटाचा दर लिहितो, पण पैसे जातात ते भलत्याच गोष्टींवर. त्या गोष्टी गिऱ्हाइकाला माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण घासाघीस करताना नेमकं काय कमी होतं हे त्याला दिसत नाही.

सरावलेल्या हाताला मीटरभर लांब, मीटरभर रुंद काच पुसायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. ओलं पॅड फिरवायचं, रबराचा वायपर वरून खाली ओढायचा, कडा कोरड्या फडक्याने टिपायच्या. हा एका पातीचा वायपर एत्तोरे स्टेकोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने बनवला. त्याचं पेटंट १९३६ सालचं आहे. आजही आमची मुलं जवळपास तेच हत्यार वापरतात. म्हणजे पुसण्याचा खर्च सगळ्या एजन्स्यांना साधारण सारखाच येतो. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: काचेपर्यंत पोहोचायचं कसं, काचेवर नक्की काय बसलंय, आणि काही बिघडलं तर भरून कोण देणार.

घरच्या खिडक्या

आधी घरचं बघू. हल्लीच्या फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी असते. दोन पल्ले काचेचे, एक मच्छरजाळीचा. दर सांगताना खिडकी मोजतात किंवा पल्ले मोजतात, पण वेळ जातो तो खालच्या ट्रॅकमध्ये. गेल्या पावसाळ्यात चिखल होऊन बसलेली आणि आता दगडासारखी झालेली धूळ, मेलेले डास, कबुतराची पिसं. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली असतात. मग जुलैत पाणी उलटं हॉलमध्ये येतं आणि लोक खिडकी लावणाऱ्याला दोष देतात. हा ट्रॅक साफ करायला जुना रंगाचा ब्रश, फडकं गुंडाळलेला बारीक स्क्रूड्रायव्हर आणि व्हॅक्यूम लागतो. दोन पल्ल्यांची काच दोन्ही बाजूंनी पुसून होते पाच-सात मिनिटांत. ट्रॅकला सहज पंधरा-वीस जातात. म्हणून दोघांचे दर शेजारी ठेवण्याआधी एवढंच विचारा, "ट्रॅक आणि जाळी धरून की सोडून?" निम्मा फरक तिथेच निघतो.

दुसरा निम्मा ग्रिलमध्ये असतो. बाहेरून ग्रिल असली की काचेच्या बाहेरच्या अंगाला हात पोहोचत नाही. मग पल्ला उचलून ट्रॅकमधून बाहेर काढावा लागतो, आत आणून पुसावा लागतो, परत बसवावा लागतो. बाल्कनीच्या दाराचा पल्ला एकट्याने उचलायचा नसतो, दोन माणसं लागतात. जुन्या पल्ल्याची चाकं झिजलेली असतील तर तो परत बसताना नखरे करतो. हे सगळं "एका खिडकीचे एवढे" या आकड्यात बसवायचं असतं.

ग्रिल नसेल तर लोकांना काम सोपं वाटतं. उलट ते जास्त धोक्याचं असतं. दिवाळीच्या साफसफाईत घरकामाच्या मावशींना खिडकीच्या कठड्यावर उभं करून, एका हाताने चौकट धरून बाहेरची काच पुसायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. वरचे दोनशे-तीनशे रुपये मिळतात म्हणून मावशीही नाही म्हणत नाहीत. माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. कठडा आणि छज्जा माणूस उभा राहण्यासाठी बांधलेले नसतात. दुसऱ्या मजल्यावरूनसुद्धा पडलेला माणूस उठेलच असं नाही. आतल्या बाजूचं काम मावशींना सांगा, त्याचे वेगळे पैसे द्या; बाहेरची काच एक तर पल्ला काढून आत आणा किंवा लांब दांड्याने पुसा. दोन्ही जमत नसेल तर ती काच मळकी राहू द्या.

एकाच खिडकीला बोलावलं तरी हजार-बाराशे का सांगतात, असंही विचारलं जातं. वारज्याहून वाघोलीला दोन मुलं सामान घेऊन निघाली की पोहोचेपर्यंत सकाळ अर्धी गेलेली असते. काम वीस मिनिटांचं असलं तरी त्या दोघांची अर्ध्या दिवसाची हजेरी लागते. म्हणून प्रत्येक एजन्सीची एक किमान रक्कम असते, तिच्याखाली ती गाडी बाहेर काढत नाही. शेजारच्या दोन घरांनी मिळून बोलावलं तर तीच रक्कम वाटली जाते आणि सगळ्यांनाच परवडतं.

काचेवर काय बसलंय

सुरुवातीच्या वर्षात आम्ही एक काम फोटो बघून अंगावर घेतलं. उक्तं, ठरावीक रकमेत. नवी इमारत, ताबा द्यायच्या आधीची सफाई. फोटोत काच धुरकट दिसत होती, धूळ असेल असं समजून तीन दिवस धरले. मुलं वर गेली तर प्रत्येक काचेवर बाहेरच्या टेक्स्चर पेंटचे शिंतोडे, सिमेंटचे ओघळ आणि कडेला सिलिकॉनचे थर. आठ दिवस लागले. वरचे पाच दिवस आमच्या खिशातून गेले आणि ज्यांचं काम होतं त्यांनी "आम्ही फोटो पाठवले होते" म्हणून हात वर केले. चूक आमची होती, आम्ही बघायला गेलो नव्हतो. त्यानंतर साइट बघितल्याशिवाय भावाने कधी आकडा तोंडातून काढला नाही.

बांधकामानंतरची सफाई नेहमीच्या सफाईच्या दुप्पट-तिप्पट दराने का सांगतात, त्याला आणखी एक कारण आहे. रंगाचे शिंतोडे काढायला पातं वापरावं लागतं. साधी काच असेल तर ओल्या काचेवर नवं पातं निमूटपणे चालतं. पण मोठ्या इमारतींना बहुधा टफन केलेली काच असते. ती भट्टीत तापवून एकदम थंड केलेली असते, आणि भट्टीतल्या रुळांवरून जाताना कधी कधी काचेचे अगदी सूक्ष्म कण पृष्ठभागाला चिकटून तिथेच पक्के होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, नखाला मात्र खरखर लागते. पातं फिरलं की तो कण सुटतो आणि पात्याखाली ओढला जातो. मागे राहते ती लांब रेघ, कधीही न जाणारी. एवढी मोठी टफन काच बदलायची म्हणजे काचेची किंमत, वर चढवण्याची मजुरी, आणि तोवर उघडा राहिलेला हॉल. म्हणून चांगली एजन्सी आधी एका कोपऱ्यात फूटभर काच साफ करून दाखवते, फोटो काढते, लिहून सही घेते आणि मगच पुढे सरकते. तो अर्धा तास कोटेशनमध्ये असतोच.

मग पाण्याचे डाग. वर्षानुवर्षं पुसूनही काचेवर पांढरे ठिपके राहतात ना, ते म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. पुण्यात हा फरक भागाभागात दिसतो. खडकवासल्याचं पाणी तुलनेने मऊ असतं. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात आणि तिथलं पाणी बरंच जड. पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरवर मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हटलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. पिण्याला चालणारं ते पाणी काचेला मात्र चालत नाही. भाऊ साइटवर गेला की आधी नळाखाली मीटर धरतो, गिऱ्हाइकाला वाटतं हा काच सोडून पाणी काय बघतोय.

त्याचं कारण पैशात आहे. चार-पाच मजल्यांपर्यंत हल्ली जमिनीवर उभं राहून लांब दांड्याने सफाई करता येते. कार्बन फायबरचा हलका दांडा, टोकाला ब्रश, त्यातून येणारं पूर्ण क्षारमुक्त पाणी. हे पाणी पुसावं लागत नाही, वाळलं तरी डाग पडत नाही, कारण मागे राहायला त्यात काही नसतंच. ते करायला नळाचं पाणी आधी आरओमधून आणि मग रेझिनच्या नळकांड्यातून सोडतात. रेझिन ठरावीक क्षार शोषून घेतं आणि मग ते संपतं. नुसत्या रेझिनवर काम असेल तर १०० टीडीएसच्या पाण्यावर जे नळकांडं आठ कामांना पुरेल, ते ८०० टीडीएसवर जेमतेम एका कामाला पुरतं. म्हणजे सारखीच इमारत कोथरूडला असली तर एक भाव आणि टँकरवर जगणाऱ्या भागात असली तर दुसरा, यात लबाडी नाही.

जुने क्षार काढण्याचे पैसे वेगळे लागतात. हलक्या आम्लाने निघाले तर ठीक. पण बरीच वर्षं बसलेले डाग काचेलाच खाऊन टाकतात, मग सेरियम ऑक्साइडने घासून पॉलिश करावं लागतं, फूट-फूट पुढे सरकत. स्वस्तात हे काम करून देतो म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, "केमिकल कोणतं?" बिननावाच्या कॅनमधून येणाऱ्या काही ॲसिडांमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते डाग क्षणात काढतं, कारण ते काचच विरघळवतं. कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत झिरपून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं; जास्त जागी पडलं तर जीवावर बेततं. ॲल्युमिनियमची चौकट आणि खालचा ग्रॅनाइट खराब होतो ती गोष्ट वेगळीच.

दोर

आता उंच इमारती. उंची वाढेल तसा दर सरळ रेषेत वाढतो असा समज आहे, तो चुकीचा. दर पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. दोन मजले शिडीने आणि दांड्याने, चार-पाच मजले लांब दांड्याने, त्याच्यावर गेलं की दोर, टांगता झुला किंवा बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला लांब हाताने वर उचलणारं यंत्र. बूम लिफ्टचं भाडं दिवसावर, त्यात ती आणायची-न्यायची ट्रक वेगळी, आणि सोसायटीच्या पोडियमचा स्लॅब तिचं वजन पेलेल का हा प्रश्न वेगळा. एकदा दोर बांधायचाच ठरला की आठवा मजला काय आणि पंधरावा काय, बांधणी तीच. म्हणून तीन मजल्यांचा वेडावाकडा बंगला, मध्ये काचेचं छत, खाली पाण्याचं कुंड, त्याचा चौरस फुटाचा दर दहा मजली सरळ इमारतीपेक्षा जास्त येऊ शकतो. बंगल्याचे मालक यावर नाराज होतात, पण हिशेब तसाच आहे.

दोरावरच्या कामाचं माप चौरस फूट नसतं, ड्रॉप असतं. एक माणूस गच्चीवरून खाली उतरताना हात पोहोचेल एवढी, साधारण पाच-सहा फूट रुंदीची पट्टी पुसत येतो. ती पट्टी म्हणजे एक ड्रॉप. खाली पोहोचला की सामान घेऊन लिफ्टने वर, दोर सरकवायचे, गाठी तपासायच्या, पुन्हा खाली. भाऊ इमारतीभोवती फिरतो तेव्हा तो काच मोजत नसतो, ड्रॉप मोजत असतो.

प्रत्येक माणसाला दोन दोर लागतात. एकावर तो बसतो, दुसरा पडला तर धरायला. दोन्ही दोर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले असले पाहिजेत, म्हणजे एक आधार सुटला तरी दुसरा राहील. ही पद्धत आयराटा या संस्थेने घालून दिली. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर दोराने काम करणाऱ्यांसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ती सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग परीक्षा पुन्हा. तिसऱ्या पातळीचा माणूस सुपरवायझर, त्याला दुसऱ्याला हवेतून सोडवून खाली आणता आलंच पाहिजे. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच उतरवावं लागतं, अग्निशमन दल येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून सोडवणारा माणूस टीममध्येच हवा. कोटेशनमध्ये तो "सुपरवायझर" म्हणून एका ओळीत येतो आणि घासाघिशीत सगळ्यात आधी तोच खोडला जातो.

गच्ची बघितल्याशिवाय आकडा देता येत नाही तो यासाठीच. दोर बांधायला पक्के हुक आहेत का? पुण्या-मुंबईच्या पुष्कळ इमारतींवर नसतात. मग पाण्याच्या टाकीचा आरसीसी खांब शोधा, त्याला पट्टा गुंडाळा. सोलर पॅनेल मध्ये येतात. कठड्याची कड धारदार असेल तर दोर तिथेच घासतो, म्हणून जुन्या फायर होजचा तुकडा दोरावर चढवायचा. इमारत मध्येच आत गेली असेल, वरचा मजला पुढे आला असेल, तर खाली उतरणारा माणूस काचेपासून चार फूट लांब तरंगतो आणि पुसणार कसा? तिथे ड्रॉपचा वेळ दुप्पट धरावा लागतो.

आणि मोहोळ. उंच इमारतींच्या छज्जाखाली आग्या मोहोळ बसतं, ते खालून पानासारखं काळपट दिसतं. पाण्याचा एक फवारा, ब्रशचा एक धक्का, आणि हवेत लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. आमची मुलं त्या बाजूला दोर टाकतच नाहीत. आधी माहीतगार माणूस बोलावून मोहोळ हलवायचं, दोन दिवस थांबायचं, मग काम. काही गिऱ्हाइकं हे मुद्दाम सांगत नाहीत, दर वाढेल म्हणून. कृपा करून सांगा.

उन्हाचाही हिशेब असतो. तापलेल्या काचेवर साबण पुसायच्या आत वाळतो आणि पट्टे उठतात. त्यामुळे सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, सावलीच्या मागे मागे. पण "आमच्या गाड्या पूर्वेला लागतात, ती बाजू सकाळीच करा" असं सांगितलं की एका दिवसाचं काम दीड दिवसावर जातं.

त्या ७६ हजारांचा हिशेब

आता मॅनेजरांच्या प्रश्नाकडे. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करते. प्रत्येक एजन्सीचे थोडे वेगळे येतील.

दहा मजले, उंची १३० फूट. समोरची बाजू ९० फूट, दोन्ही कडा साठ-साठ, तिन्हींना काच. एकूण लांबी २१० फूट, क्षेत्रफळ २७,३०० चौरस फूट. सहा फुटांची पट्टी धरली तर ३५ ड्रॉप. एका ड्रॉपला वरखाली धरून दीड तास. गाठी तपासणं, जेवण, ऊन सगळं धरून एक माणूस दिवसात चार ड्रॉप नीट करतो. तीन माणसं म्हणजे दिवसाला बारा. ३५ ड्रॉपना तीन दिवस, आणि वारा सुटला, पाऊस आला, लिफ्ट बंद पडली यासाठी एक दिवस हातचा. चार दिवस.

दोरावरचे तिघे, प्रत्येकी १,५०० रुपये रोज. सुपरवायझर २,०००. गच्चीवर एक आणि खाली रस्ता अडवायला एक, प्रत्येकी ९००. रोजचे झाले ८,३००; चार दिवसांचे ३३,२००. यात मालकाने भरायचा पीएफ, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, आणि ईएसआयचे ३.२५ टक्के आले. टेम्पोचे ६,०००. केमिकल, रबर, पॅड, पाणी ४,०००. दोर आणि हार्नेस झिजतात, त्यांना मुदत असते, एक मोठा खरचटा पडला तर नवा दोरही फेकून द्यावा लागतो, त्याचे ३,०००. विम्याचा वाटा ३,०००. ऑफिस, फोन, माझा पगार ५,०००. बेरीज ५४,२००. त्यावर २० टक्के नफा धरून गोल ६५,०००. म्हणजे चौरस फुटाला २ रुपये ३८ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ७६,७००.

स्वस्त कोटेशन होतं १ रुपया ४० पैसे दराचं, ३८,२२० रुपये, जीएसटी नाही. आमच्या हिशेबात नुसती मजुरीच ३३,२००. म्हणजे टेम्पो, केमिकल, दोर, विमा, ऑफिस आणि नफा या सगळ्याला उरतात ५,०२०. कुणालाच त्यात भागवता येणार नाही. मग एक तर मजुरी कापलेली आहे, नाही तर माणसं. दोरावरचे तिघे ठेवावेच लागतात, नाही तर काम संपणार नाही. राहिले सुपरवायझर, गच्चीवरचा आणि खालचा. आणि दुसरा दोर, कारण एका दोरावर ड्रॉप लवकर होतो.

मी मॅनेजरांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्यांना दुसऱ्या कुणाला वाईट म्हणायचं नव्हतं, मलाही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, त्या स्वस्तवाल्या एजन्सीकडे तीन कागद मागा: विम्याची पॉलिसी, मुलांची प्रमाणपत्रं आणि किती माणसं येणार त्याची यादी. ते तिन्ही असतील आणि तरी दर तोच असेल तर बिनधास्त त्यांना काम द्या.

कराच्या बाबतीत मात्र न्यायाने बोललं पाहिजे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. त्यामुळे दोन-तीन माणसांची छोटी मंडळी त्या कराएवढी स्वस्त पडतात आणि ते अगदी कायदेशीर आहे. कंपनीला भरलेला जीएसटी बहुतेक वेळा वळता करून घेता येतो, म्हणून तिने करावेगळा आकडा बघावा. बहुतेक सोसायट्यांना तसं करता येत नाही, त्यांनी करासकट बघावा.

उधारीही दरात असते, हे कुणी उघड सांगत नाही, मी सांगते. मुलांना पगार महिन्याच्या सात तारखेला लागतो. मोठ्या ऑफिसांचं बिल दोन-दोन महिने टेबलांवरून फिरतं. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावं, असं २००६चा कायदा सांगतो. पण पुढच्या वर्षीचं काम हवं असलेला माणूस व्याज मागायला जात नाही. एका गिऱ्हाइकाने आमचे पाच महिने थकवले होते, त्या दिवाळीत बोनस द्यायला आईच्या बांगड्या गहाण पडल्या. तेव्हापासून कामाआधी निम्मे देणाऱ्याला आम्ही दर कमी लावतो आणि तसं कोटेशनवर लिहितो.

वर्षाचं कंत्राट स्वस्त का पडतं, हे आता वेगळं सांगायला नको. तीन-तीन महिन्यांनी पुसलेल्या काचेवर काही बसतच नाही, दोर कुठे बांधायचे ते माहीत असतं, ड्रॉपचा वेळ खाली येतो. शिवाय पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आमच्याकडे काम पातळ असतं, मुलांचे पगार मात्र चालूच. ज्याने वर्षभराचं दिलंय त्याच्यामुळे ते महिने निघतात. मुंबईत समुद्राकाठच्या इमारतींना खारा वारा असतो, तिथे वर्षातून दोनदा पुसून भागत नाही. आणि ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, सगळ्यांना एकाच आठवड्यात काच हवी असते. तेव्हा दर चढतो, कारण दोरावर उतरणारी शिकलेली मुलं मोजकीच आहेत. ऑगस्टमध्येच तारीख घेतलेल्यांना तो चढा दर लागत नाही.

मॅनेजरांनी शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं. "गच्चीवर एक माणूस चार दिवस बसून काय करणार? त्याचे ३,६०० कमी करा, आमचा शिपाई बसेल."

मी त्यांना एका सोसायटीतली गोष्ट सांगितली. दोर ताणून बांधलेले, मुलगा सातव्या मजल्यावर. गच्चीचं दार उघडं होतं. एक आजी धुणं घेऊन वर आल्या, त्यांना तो ताठ दोर दिसला आणि त्यांनी त्याच्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. दुसरा दोर आड येत होता म्हणून त्याची गाठ सोडायला लागल्या. आमचा गच्चीवरचा माणूस दोन ढांगांत तिथे पोहोचला, आजींचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "आजी, खाली माझा भाऊ लटकलाय." चादरी त्यानेच दुसरीकडे वाळत घालून दिल्या.

मॅनेजर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की गच्चीच्या किल्ल्या किती करून ठेवू. मी म्हटलं एकच, आणि ती त्याच्याकडे.